पाण्यातील जीवाणू आणि नव्या औषधांचा शोध

(व्याख्यानाचा मजकूर)



प्रतिजैविक हा शब्द आता शहरापुरता राहिलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात, गावच्या औषधाच्या दुकानात, गुरांच्या दवाखान्यात आणि कोंबड्यांच्या शेडमध्येही तो रोजच्या व्यवहाराचा झाला आहे. काही पिढ्यांपूर्वी ज्या न्यूमोनियाने, ज्या विषमज्वराने किंवा बाळंतपणातील ज्या जंतुसंसर्गाने घरेच्या घरे उजाड होत, ते आजार आज बहुधा काही दिवसांच्या औषधोपचाराने आटोक्यात येतात. हा बदल इतका अंगवळणी पडला आहे की, ही औषधे आली कोठून आणि ती कायमची हाती राहतील काय, हे प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच ठिकाणी येऊन मिळतात. बहुतेक प्रतिजैविके मुळात सूक्ष्मजीवांनी निर्माण केली. माणसाने ती शोधून काढली, त्यांच्यात सुधारणा केल्या आणि ती कारखान्यात तयार केली. ती ज्यांच्याविरुद्ध वापरावयाची तेही सूक्ष्मजीवच असल्यामुळे त्यांना निष्प्रभ करण्याच्या युक्त्याही सूक्ष्मजीवांपाशीच आहेत. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जीवाणूंमुळे जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासाने मांडला. जुनी औषधे बोथट होत असतील, तर नवी शोधावी लागणार हे उघड आहे. त्या प्रयत्नात गेल्या काही दशकांत शास्त्रज्ञांचे लक्ष समुद्र, खाड्या, सरोवरे, गरम पाण्याची कुंडे आणि त्यांच्या तळाशी साचलेला गाळ यांच्याकडे वळले आहे. हा शोध कसा चालतो, त्यात यश किती व अपयश किती, आणि गावच्या पाणवठ्याशी त्याचा संबंध कोठे येतो, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मातीकडून पाण्याकडे

१९२८ मध्ये लंडन येथे अलेक्झांडर फ्लेमिंग यांना एका बुरशीभोवती जीवाणूंची वाढ थांबलेली दिसली आणि त्यातून पुढे पेनिसिलीन हाती आले. १९४३ मध्ये अमेरिकेत सेल्मन वाक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शात्झ यांनी मातीतील एका जीवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन मिळविले आणि क्षयरोगाविरुद्ध पहिले परिणामकारक प्रतिजैविक वैद्यकाला लाभले. त्यानंतरची वीस-पंचवीस वर्षे मातीच्या नमुन्यांची होती. महाराष्ट्रानेही या कार्यात आपला वाटा उचलला. १९५४ मध्ये पिंपरी येथे स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्स या सरकारी कारखान्याच्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील मातीतील जीवाणूपासून हॅमायसीन हे बुरशीविरोधी प्रतिजैविक शोधून काढले. त्या जीवाणूला ‘स्ट्रेप्टोमायसीस पिंप्रिना’ असे नाव देण्यात आले. पुण्याजवळच्या एका गावाचे नाव अशा रीतीने सूक्ष्मजीवशास्त्रात कायमचे नोंदले गेले.

पुढे मात्र माती तेच तेच उत्तर देऊ लागली. नव्या नमुन्यातून मोठ्या कष्टाने एखादे संयुग वेगळे करावे आणि ते पूर्वीच माहीत असलेले निघावे, हा अनुभव वारंवार येऊ लागला. त्यामुळे निराळ्या परिस्थितीत वाढणाऱ्या जीवाणूंकडे पाहणे क्रमप्राप्त झाले.

पाण्यातील शोधाची परंपराही तशी जुनी आहे. १९४५ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटावरील कालियारी येथे आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक जुझेप्पे ब्रोत्झू यांनी सांडपाणी जेथे समुद्राला मिळते तेथील पाणी तपासले. त्या पाण्यात त्यांना एक बुरशी आढळली. तिच्यातून पाझरणारे द्रव्य विषमज्वराच्या जीवाणूलाही रोखत होते. ही बुरशी पुढे ऑक्सफर्डला पोचली आणि तेथील संशोधनातून सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकांच्या मोठ्या कुळाचा उगम झाला. आज रुग्णालयांत हे कुळ सर्रास वापरले जाते. ही झाली बुरशीची गोष्ट. खुद्द सागरी जीवाणूपासून मिळालेल्या प्रतिजैविकाचे आरंभीचे ठळक उदाहरण १९६६ मधील आहे. पोर्तो रिको बेटाजवळील समुद्री गवतावरच्या एका जीवाणूत पॉल बर्कहोल्डर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जे संयुग सापडले, त्याच्या वजनात सत्तर टक्क्यांहून अधिक वाटा ब्रोमीनचा होता. पेंटाब्रोमोस्यूडिलिन हे त्याचे नाव. ब्रोमीन हे समुद्राच्या पाण्यात सहज उपलब्ध असलेले मूलद्रव्य होय. ज्या पाण्यात जीवाणू राहतो, त्या पाण्याची खूण त्याच्या रसायनांत उमटते, ही गोष्ट या एका उदाहरणावरून स्पष्ट झाली.

नमुन्यापासून वलयापर्यंत

हे काम प्रत्यक्षात कसे केले जाते, हे समजून घेणे उपयुक्त ठरेल. पाण्याचा नमुना निर्जंतुक केलेल्या बाटलीत घेतात. बाटली पृष्ठभागाखाली नेऊन, तिचे तोंड प्रवाहाच्या दिशेकडे करून उघडतात, म्हणजे हाताची किंवा काठावरची घाण आत जात नाही. शेवाळ, शिंपले, खडक यांच्या पृष्ठभागावरील जीवाणू निर्जंतुक कापसाच्या बोळ्याने पुसून घेतात. गाळ काढण्यासाठी जबड्यासारखे मिटणारे उपकरण दोरीने तळाशी सोडतात. प्रत्येक नमुन्याबरोबर ठिकाण, दिनांक, वेळ, पाण्याचे तापमान, खारेपणा आणि सामू यांची नोंद होते. नमुने बर्फाच्या पेटीतून शक्य तितक्या लवकर प्रयोगशाळेत पोचवितात. नोंद नसलेला नमुना आणि वाटेत तापलेला नमुना, दोन्ही निरुपयोगी समजावेत.

प्रयोगशाळेत नमुना दहापट, शंभरपट, हजारपट असा टप्प्याटप्प्याने विरल करतात. मग त्याचे काही थेंब पेट्री बशीतील पोषक माध्यमावर पसरतात. हे माध्यम समुद्री शैवालापासून मिळणाऱ्या ‘आगर’ नावाच्या पदार्थाने घट्ट केलेले असते. सागरी जीवाणूंसाठी त्यात समुद्राचेच पाणी वापरतात. एकेका जीवाणूपासून लाखो जीवाणू तयार होऊन डोळ्यांना दिसणारा ठिपका बनतो. त्यास वसाहत म्हणतात. काही जीवाणूंच्या वसाहती दोन दिवसांत दिसतात. प्रतिजैविकांसाठी विशेष प्रसिद्ध असलेल्या ॲक्टिनोमायसीट गटाच्या जीवाणूंसाठी मात्र कित्येक आठवडे थांबावे लागते. त्या अवधीत झपाट्याने वाढणाऱ्या इतर जीवाणूंनी बशी व्यापू नये म्हणून नमुना आधी वाळवितात किंवा थोडा वेळ कोमट आचेवर ठेवतात. ॲक्टिनोमायसीटांची बीजुके त्यातून तगून राहतात.

त्यानंतर खरी परीक्षा होते. दुसऱ्या बशीवर गळू आणणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस किंवा असाच एखादा ओळखीचा जीवाणू सर्वत्र पसरतात आणि मधोमध छोट्या खळग्यात नव्या जीवाणूचा अर्क घालतात. दुसऱ्या दिवशी खळग्याभोवती स्वच्छ वलय दिसले, तर त्या अर्कात काहीतरी रोधक द्रव्य आहे असे मानतात. शेजारी ज्ञात औषधाचा एक खळगा आणि नुसत्या द्रावकाचा एक खळगा ठेवणे आवश्यक असते. तो नसेल, तर जीवाणू औषधाने मेले की द्रावकाने, हे सांगता येत नाही.

आकडे काय सांगतात?

या शोधात हाती किती लागते, याचे मोजमाप डेन्मार्कच्या ‘गॅलाथिया-३’ या सागरी संशोधन मोहिमेने करून दिले. २००६-०७ मध्ये या मोहिमेच्या जहाजाने निरनिराळ्या महासागरांतून प्रवास केला. लोने ग्राम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या प्रवासात समुद्राच्या पाण्याचे २४४ आणि पृष्ठभागांवरून पुसून घेतलेले ३०९ नमुने गोळा केले. त्यांचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. पृष्ठभागाजवळच्या एक मिलिलिटर पाण्यात ५ ते १० लाख जीवाणू आढळले. परंतु त्यांपैकी बशीवर वाढले ते हजारात एक किंवा दोनच. जे वाढले, त्यांची परीक्षा माशांना रोग आणणाऱ्या व्हिब्रिओ अँग्विलारम या जीवाणूविरुद्ध घेण्यात आली. मोकळ्या पाण्यातून मिळालेल्या वसाहतींपैकी ३ टक्के वसाहती त्याला रोखू शकल्या, तर सजीव-निर्जीव पृष्ठभागांवरून मिळालेल्यांपैकी १३ टक्के. अशा ५१९ जीवाणूंची ओळख पटविण्यात आली. त्यांची पुन्हा परीक्षा घेतली, तेव्हा ४०९ जीवाणूंतच तो गुण टिकून असल्याचे दिसले.

या आकड्यांतून तीन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी की, जेथे दाटी अधिक तेथे रोधक द्रव्ये अधिक. शेवाळाच्या पानावर किंवा शिंपल्यावर जागा थोडी आणि दावेदार पुष्कळ असतात. तेथे शेजाऱ्याला दूर ठेवणारा रेणू उपयोगी पडतो. अर्थात हे रेणू केवळ लढाईचीच साधने असतात असेही नाही. अत्यल्प प्रमाणात ते परस्परांतील संकेताचे काम करीत असावेत, असे मानण्यासही आधार आहे. दुसरी गोष्ट अशी की, एकदा दिसलेले वलय दुसऱ्यांदा दिसेलच याची खात्री नसते. आपल्या समूहात नव्हे, तर बशीवर एकटाच वाढणारा जीवाणू ते द्रव्य तयार करणे सोडूनही देतो. तिसरी गोष्ट म्हणजे, दृष्टीस पडणारे जीवाणू हे एकूण जीवाणूंचा अत्यंत लहान अंश आहेत.

या मोहिमेतील काही निवडक जीवाणूंच्या द्रव्यांचे पुढे रासायनिक विश्लेषण झाले. त्यात जी प्रतिजैविके ओळखली गेली, त्यांत १९६६ मधील पेंटाब्रोमोस्यूडिलिनही होते. ज्ञात संयुग लवकर ओळखून बाजूला काढणे, ही या शोधातील एक स्वतंत्र विद्याच झाली आहे. त्यासाठी द्रव्यांचे मिश्रण वेगळे करून प्रत्येक घटकाचे रेण्वीय वजन अचूक मोजतात आणि ज्ञात संयुगांच्या संग्रहाशी ताडून पाहतात. जीवाणूचे जनुकीय वाचनही केले जाते. अनेक जीवाणूंच्या जनुकसंचात अशी द्रव्ये बनविण्याच्या कितीतरी सूचना लिहिलेल्या असतात. प्रयोगशाळेत मात्र त्यांतील थोड्याच अमलात येताना दिसतात.

न वाढणाऱ्यांना वाढविणे

जे जीवाणू बशीवर वाढत नाहीत, त्यांना त्यांच्याच घरी वाढवावे, हा विचार पुढे आला. २००२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी समुद्रकाठच्या गाळातील जीवाणू सूक्ष्म छिद्रांच्या दोन पडद्यांमध्ये कोंडले आणि ती कुपी पुन्हा त्या गाळाच्या सान्निध्यात ठेवली. पोषक द्रव्ये आतबाहेर ये-जा करू शकत होती. जीवाणू मात्र बाहेर पडू शकत नव्हते. बशीवर न वाढणारे जीवाणू तेथे वाढले. याच युक्तीची सुधारलेली आवृत्ती वापरून पुढे मातीतील एका जीवाणूपासून टेक्सोबॅक्टिन हे नवे प्रतिजैविक मिळाले आणि ते २०१५ मध्ये जाहीर झाले. गाळात सुरू झालेली पद्धत अशी मातीलाही उपकारक ठरली.

खोल पाण्यातील गाळानेही निराश केलेले नाही. जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरून काढलेल्या गाळातील जीवाणूपासून ॲबिसोमायसिन हे संयुग २००४ मध्ये जाहीर झाले. जीवाणूंना आवश्यक असलेले फोलेट तयार होण्याच्या मार्गात ते अडथळा आणते आणि अनेक औषधांना दाद न देणाऱ्या स्टॅफिलोकॉकसलाही रोखते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळील गाळातील एका स्ट्रेप्टोमायसीसपासून अँथ्रासिमायसिन मिळाले. काळपुळी रोगाच्या जीवाणूविरुद्ध ते प्रभावी ठरले. तथापि ही दोन्ही संयुगे अद्याप औषधाच्या दुकानात पोचलेली नाहीत. बशीवरील वलय आणि रुग्णाच्या हातातील गोळी यांच्यामध्ये फार मोठे अंतर आहे. द्रव्य शुद्ध करावे लागते, ते किती अल्प प्रमाणात पुरते हे मोजावे लागते, माणसाच्या पेशींना ते अपाय करते काय हे पाहावे लागते. मग प्राण्यांवरील आणि शेवटी माणसांवरील चाचण्या. या वाटेवर दहा-बारा वर्षे सहज जातात आणि बहुसंख्य संयुगे वाटेतच गळतात. म्हणूनच एखाद्या तळ्याच्या पाण्यात किंवा कुंडाच्या गाळात औषधी द्रव्य सापडल्याची वार्ता ऐकून ते पाणी पिणे किंवा तो गाळ जखमेवर लावणे हे अज्ञान होय. त्याच पाण्यात रोगजंतूही असू शकतात.

महाराष्ट्रातील जलसंपदा

पाण्याचे जितके निराळे प्रकार, तितके निराळे जीवाणू सापडण्याची शक्यता. या दृष्टीने महाराष्ट्र भाग्यवान आहे. कोकणच्या खाड्या आणि खारफुटीचा चिखल, वज्रेश्वरी-गणेशपुरी, तुरळ, उन्हवरे येथील गरम पाण्याची कुंडे, विदर्भातील जुने मालगुजारी तलाव आणि या सर्वांहून आगळे असे बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर, अशी ही संपत्ती आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या विवरात हे सरोवर आहे. त्याचे पाणी खारे असून सामू १० च्या आसपास, म्हणजे तीव्र अल्कधर्मी आहे. विवराच्या उतारावर मात्र गोड्या पाण्याची धार वाहते. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून हा रंग क्षारप्रिय सूक्ष्मजीवांमुळे आल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी लोणारचा आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ स्थळांच्या रामसर यादीत समावेश झाला. लोणारच्या जीवाणूंवर राज्यातील अनेक संशोधकांनी काम केले आहे. सूक्ष्मजीवांचे नमुने दीर्घकाळ जतन करण्याची सोय पुण्यातील राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रात आहे, तर सागरी संशोधनासाठी गोव्यात दोना पावल येथे १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था कार्यरत आहे.

ज्या पाण्यात शोध, त्याच पाण्यात धोका

परंतु या संपत्तीची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. माणसाने व जनावराने घेतलेल्या प्रतिजैविकाचा बराचसा भाग मलमूत्रावाटे बाहेर पडतो. सांडपाणी, कोंबडीखत, मुदत संपलेल्या औषधांचा कचरा, कोळंबीच्या तळ्यातील औषधे, या सर्वांचा प्रवास शेवटी नाल्यातून नदीकडे आणि नदीतून खाडीकडे होतो. हैदराबादजवळील औषधनिर्मिती परिसराच्या प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात दर लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन आढळल्याचे २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही या औषधाचे इतके प्रमाण नसते. अशा पाण्यात औषधाला बळी पडणारे जीवाणू नाहीसे होतात, न जुमानणारे उरतात आणि आपली प्रतिकाराची जनुके शेजाऱ्यांनाही देऊ शकतात. शास्त्रज्ञ जेथे नव्या शस्त्राचा शोध घेतात, तेथेच शत्रूला ढाल मिळत असेल, तर त्या शोधाचा उपयोग काय? शिवाय दूषित पाण्यात मूळचे वैविध्यही टिकत नाही. जो जीवाणू नाहीसा झाला, त्याच्यापाशी कोणते द्रव्य होते हे पुन्हा कधीच कळणार नाही.

येथे ग्रामपंचायतीचे कार्य सुरू होते. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये ‘जैविक संसाधन’ या संज्ञेत वनस्पती व प्राणी यांच्याबरोबर सूक्ष्मजीवही येतात. स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापन करावयाची असून, तिच्या क्षेत्रातील संसाधनांच्या वापराविषयी निर्णय घेताना राष्ट्रीय प्राधिकरणाने व राज्य मंडळाने तिचा विचार घ्यावयाचा आहे. परदेशी व्यक्ती व संस्थांना अशी संसाधने नेण्यासाठी चेन्नई येथील राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची पूर्वमान्यता लागते. राज्य मंडळाचे कार्यालय नागपूर येथे आहे. गावच्या लोक जैवविविधता नोंदवहीत झाडे, पक्षी, मासे यांच्या नोंदी बहुधा असतात. झरे, कुंडे, तळी आणि त्यांच्या पाण्याचे गुणधर्म यांचीही नोंद तीत व्हावी.

दुसरे काम त्याहून निकडीचे आहे. मुदत संपलेली औषधे विहिरीत, ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकली जाणार नाहीत, दवाखान्याचा कचरा नियमाप्रमाणे वेगळा होईल आणि सांडपाणी प्रक्रियेविना तळ्यात जाणार नाही, हे पाहणे पंचायतीच्या हातचे आहे. पशुसंवर्धन व मत्स्यव्यवसाय खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी पशुपालकांना हे सांगावयास हवे की, जनावरांची वाढ व्हावी म्हणून प्रतिजैविक देणे हा उपचार नव्हे. गंभीर रुग्णांसाठी अखेरचा आधार असलेल्या कोलिस्टिनच्या अन्नोपयोगी पशुपक्ष्यांतील व मत्स्यशेतीतील वापरावर केंद्र शासनाने जुलै २०१९ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने.

शिक्षकांनाही या कामात स्थान आहे. मात्र अनोळखी जीवाणू शाळेत बशीवर वाढवू नयेत. त्यांत रोगजंतू असू शकतात आणि ते नष्ट करण्याची साधने शाळेत नसतात. त्याऐवजी गावच्या तळ्याचे तापमान, सामू, रंग आणि शेवाळ यांची महिन्या-महिन्याला नोंद ठेवणे हा विद्यार्थ्यांसाठी उत्तम उपक्रम होईल. काही वर्षांच्या अशा नोंदी भावी संशोधकालाही उपयोगी पडतील.

नवे प्रतिजैविक कोणत्या पाण्यातून मिळेल हे आज सांगता येणार नाही. ५१९ जीवाणूंतून ४०९ उरतात, त्यांतून मूठभर नवी द्रव्ये हाती लागतात आणि त्यांतून कदाचित एखादे औषध होते. हा हिशेब लक्षात घेता, आज हाती असलेली औषधे जपून वापरणे आणि पाणवठे निर्मळ राखणे ही दोन्ही कर्तव्ये नव्या औषधाच्या शोधाइतकीच महत्त्वाची ठरतात. शोधाचे काम प्रयोगशाळा करतील. पण त्यांच्याकडे जाणारी बाटली ज्या पाण्यात बुडवावयाची, ते पाणी गावाच्या ताब्यात आहे.